गावचा प्रश्न बरोबर नेताना

सह्याद्रीचा माथा आणि अरबी समुद्र यांच्यातले सरळ रेषेतले अंतर कोकणात बहुतेक ठिकाणी पन्नास-साठ किलोमीटरच्या आसपास आहे, आणि एवढ्याशा चिंचोळ्या पट्टीत निसर्गाने जे जे घडवून ठेवले आहे ते पाहिले, की भूगोलाच्या विद्यार्थ्याने जन्म घ्यावा तर इथेच घ्यावा, असे मला मनापासून वाटते. घाटमाथ्यावर आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, खाली किनाऱ्याला तो तीन हजारांच्या आगेमागे असतो, आणि घाट चढून पूर्वेला देशावर उतरले की शंभरेक किलोमीटरच्या आत पाचशे-सहाशेवर येतो. तरीही एवढा पाऊस अंगावर झेलणाऱ्या आमच्या कितीतरी वाड्यांमध्ये एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. याचे कारण कोणाच्या नशिबात नाही, ते जमिनीत आहे. नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या असल्यामुळे घाटात पडलेले पाणी काही तासांत खाडीला मिळते. उरलेले पाणी सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरच्या, सच्छिद्र जांभ्यातून खाली झिरपते, त्याखालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने वाहून जाते. आमच्या अनेक वाड्या नेमक्या या झऱ्यांच्या ओळीत, सड्याच्या पायथ्याशी बसलेल्या आहेत. ज्यांनी त्या वसवल्या त्यांनी कोणत्याही विद्यापीठात जलभूविज्ञान शिकलेले नव्हते, पण पाणी कुठे थांबते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

ज्या जांभ्याच्या चिऱ्यांनी आमची घरे उभी राहिली, त्या दगडाचे शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस बुकानन या सर्वेक्षकाने केरळातल्या अंगाडिपुरम येथे प्रथम केले आणि 1807 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तांतामुळे ‘लॅटराइट’ हे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. पदवीच्या दुसऱ्या वर्षी वर्गात हा भाग शिकवला गेला, तेव्हा खिडकीबाहेरच्या गडग्यात लावलेला दगड आणि इंग्रजी पुस्तकातला तो शब्द एकच आहेत, हे लक्षात येऊन वर्गात क्षणभर शांतता पसरली होती. पुस्तकातल्या आकृत्या परक्या मुलखातल्या असतात, असा तोवर आमचा समज होता.

भूगोल घेण्याला माझ्या घरातून विरोध झाला नाही, पण पुढे याचे काय होते हे मात्र कोणालाच सांगता येईना. ‘शाळेत लागशील’ एवढेच उत्तर सर्वांना माहीत होते, आणि आजही कोकणातल्या बहुतेक घरांत तेवढेच माहीत आहे. प्रत्यक्षात या विषयाच्या एका टोकाला भूरूपशास्त्र आणि हवामानशास्त्र आहे, दुसऱ्या टोकाला लोकसंख्या, स्थलांतर, बाजारपेठा आणि वस्त्यांचा अभ्यास आहे, आणि या दोहोंना बांधून ठेवणारा नकाशा मधोमध आहे. मुंबईला गेलेल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीने खेड्याचे अर्थकारण कसे बदलले आणि खाडीच्या तोंडाशी गाळाचा दांडा कसा सरकला, हे दोन्ही प्रश्न एकाच विभागात, कधी कधी एकाच शिक्षकापाशी शिकता यावेत, अशी सोय दुसऱ्या फार थोड्या विषयांत आहे.

आमच्या शिक्षणातली एक अडचण मात्र नोंदवून ठेवण्यासारखी आहे. किनारपट्टी आणि सीमाभाग यांचे सर्व्हे ऑफ इंडियाचे तपशीलवार स्थलनिर्देशक नकाशे संरक्षणाच्या कारणास्तव प्रतिबंधित होते, आणि या किनारपट्ट्याची रुंदी सुमारे ऐंशी किलोमीटर धरलेली असल्यामुळे अख्खे कोकणच त्यात बसत होते. परिणामी आम्ही समोच्च रेषा वाचायला शिकलो त्या देशावरच्या, कुठल्या तरी न पाहिलेल्या टेकड्यांच्या. आपल्या खाडीचा नकाशा मात्र आम्हाला कागदावर मिळत नव्हता. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराच्या नकाशांची वेगळी मालिका आणली आणि 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उरलेली बंधने बरीच सैल केली. दरम्यान 2008 पासून लँडसॅट उपग्रहाची जुनी-नवी सर्व चित्रे विनामूल्य झाली, इस्रोचे भुवन हे नकाशांचे संकेतस्थळ आले, आणि 2015 नंतर सेंटिनल-2 उपग्रहाची दहा मीटर तपशिलाची चित्रे कोणालाही उतरवून घेता येऊ लागली. आज माझ्या वर्गातली मुले क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालवतात आणि स्वतःच्या गावाचा नकाशा स्वतः काढतात. या बदलाचे मोल, ज्यांनी प्रतिबंधित नकाशांचा काळ पाहिला त्यांनाच नीट कळेल.

पण नकाशा हाती आला म्हणून जमिनीवर जाण्याची गरज संपली, अशी जी समजूत अलीकडे वाढते आहे ती मला घातक वाटते. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातील उपग्रहचित्रांच्या आधारे देशाच्या किनाऱ्याचा जो आढावा घेतला, त्यात मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग कमी-अधिक प्रमाणात झिजत असल्याचे दिसले. हा आढावा महत्त्वाचा आहे. मात्र आपल्या गावच्या पुळणीबद्दल बोलायचे झाले, तर उपग्रहाचे चित्र एका दिवसाचे, एका भरतीचे असते, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे किनारा सर्वांत जास्त बदलतो त्याच काळात, कोकणावर ढगांचे असे दाट छत असते की साध्या उपग्रहाला खालचे काहीच दिसत नाही. ढगांतून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत, त्यांची चित्रे वाचणे ही वेगळी विद्या आहे आणि ती जरूर शिकावी. तरीही वाळूची उंची किती उतरली हे पाहायला माणसाला पुळणीवर उभे राहावेच लागते.

त्यासाठी लागणारे साधन किती साधे असते ते सांगते. अमेरिकी सागरशास्त्रज्ञ के. ओ. एमरी यांनी 1961 मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. सारख्या उंचीच्या दोन काठ्या घ्यायच्या, त्यांच्यावर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करायच्या आणि दोहोंमध्ये ठरावीक लांबीची दोरी धरायची. सुरूच्या बनापाशी एखादी पक्की खूण निवडून तिथे पहिली काठी उभी करायची, दुसरी समुद्राच्या बाजूला दोरीच्या अंतरावर. उतार समुद्राकडे असल्यामुळे पुढच्या काठीचे टोक मागच्यापेक्षा खाली असते. मागे उभ्या असलेल्याने आपली नजर काठीवरून हळूहळू खाली आणायची, आणि पुढच्या काठीचे टोक व क्षितिजाची रेषा जिथे एका ओळीत येतील तिथला आकडा वाचायचा. तेवढ्या अंतरात जमीन तितकी खाली उतरली. मग मागची काठी पुढे न्यायची आणि पाण्यापर्यंत असेच करत जायचे. समुद्राचे क्षितिजच इथे पाणसळीचे काम करते, म्हणून ढगाळ, धुरकट सकाळी हे काम होत नाही. ते उधाणाच्या ओहोटीला केले तर पुळण सर्वांत जास्त उघडी मिळते, आणि भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या दिवशी केले तर निम्मी पाण्याखाली राहते, म्हणून हाती पंचांग असावे लागते.

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर आम्हाला हे शिकवणारे सर ओल्या वाळूत पाय रोवून उभे राहायचे आणि आकडा दोनदा वाचून घेतल्याशिवाय वहीत लिहू द्यायचे नाहीत. मे महिन्यात मोजलेला उतार आणि ऑगस्टमधली पावसाची उघडीप साधून मोजलेला उतार एकाच कागदावर काढला, तेव्हा पुळणीचा वरचा भाग जणू कापून नेल्यासारखा दिसला. पावसाळ्यातल्या उंच लाटा वाळू ओढून किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा घालतात, आणि दिवाळीनंतर समुद्र निवला की मंद लाटा तीच वाळू पुन्हा वर आणून टाकतात. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना हे पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. म्हणूनच फक्त पावसाळ्यात किनारा पाहून दगडी बंधारा मागणारा आणि फक्त जानेवारीत पाहून ‘काही झालेले नाही’ म्हणणारा, या दोघांच्याही हाती अर्धीच नोंद असते. वर्षानुवर्षे, महिन्यागणिक, एकाच खुणेपासून घेतलेली मोजमापे हाच त्यावरचा उपाय आहे, आणि ती घेणे हे आमच्या किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांना सहज जमण्यासारखे आहे. खर्च म्हणावा तर दोन काठ्यांचा. पदवीच्या क्षेत्रभेटी आता अनेक ठिकाणी एका बसप्रवासावर आणि सामूहिक छायाचित्रावर आटोपल्या जातात, याचे मला फार वाईट वाटते.

संशोधनाची गोडी लागते ती अशा नोंदींतून उभ्या राहणाऱ्या प्रश्नांमुळे. रत्नागिरी जिल्ह्यात केळशीला भारजा नदीच्या मुखापाशी वाळूची मोठी टेकडी आहे. तिच्या उघड्या पडलेल्या थरांत माणसाच्या वावराच्या खुणा सापडल्या. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास करून सोळाव्या शतकातल्या एखाद्या मोठ्या सागरी आपत्तीचा, त्सुनामीचा तर्क मांडला. वास्को द गामाच्या अखेरच्या सफरीत, 1524 मध्ये, दाभोळजवळच्या समुद्रात जहाजे हादरल्याची नोंद पोर्तुगीज वृत्तांतांत आहे. त्या दोन गोष्टींचा संबंध जोडता येतो का, की ती वाळू वादळाने आणि वाऱ्याने आणली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. हा एक प्रश्न सोडवायचा तर वाळूचे वय काढणारी प्रयोगशाळा लागते, पोर्तुगीज दप्तर वाचणारा माणूस लागतो आणि केळशीच्या पुळणीवर पावसाळे काढलेला माणूसही लागतो. असा प्रश्न ज्याच्या गावात आहे त्याला संशोधनासाठी विषय शोधत हिंडावे लागू नये.

चिपळूणचेही तसेच आहे. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर प्रत्येकाने आपापले एकेक कारण सांगितले: कोणी अतिवृष्टी, कोणी वाशिष्ठी नदीतला गाळ, कोणी भरती, कोणी कोयनेच्या वीजगृहांतून वाशिष्ठीत उतरणारे पाणी, कोणी पूररेषेतली बांधकामे. प्रत्येक कारणाला काही ना काही आधार आहे, आणि कोणत्या कारणाचा वाटा किती, हे तासातासाच्या पावसाच्या, पातळीच्या आणि भरतीच्या आकड्यांवरूनच ठरवता येईल. विद्यार्थ्याने यातला एक धागा धरावा. ‘चिपळूणचा पूर’ हा पीएच. डी.चा विषय होत नाही. ‘दाभोळच्या खाडीतली भरती गाळामुळे किती वरपर्यंत पोहोचते’ हा होतो. यूजीसीच्या नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी 2023 पासून तिची रक्कम महिना 37,000 रुपये आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीत पहिल्या तीन वर्षांत 75 टक्के किंवा अधिक गुण असतील तर चौथे वर्ष संशोधनासाठी देता येते. म्हणजे एकविसाव्या-बाविसाव्या वर्षीच असा एक धागा हाती घेण्याची वाट आता खुली आहे.

परदेशी शिकण्याचा विचार याच ठिकाणी यायला हवा, त्याआधी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी स्वतः गेले ती नेदरलँड्समध्ये, एन्स्खेडे या गावी असलेल्या, नकाशाशास्त्र आणि सुदूर संवेदन शिकवणाऱ्या आयटीसी या संस्थेत. 1950 मध्ये स्थापन झालेली ही संस्था मी तिथे शिकत असताना स्वतंत्र होती, 2010 पासून ती ट्वेंटे विद्यापीठाचा भाग आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था 1966 मध्ये डच सहकार्याने उभी राहिली ती हिच्याच धर्तीवर, आणि त्यामुळे भारतातल्या नकाशाशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी हा रस्ता जुनाच आहे. माझ्या वर्गात इथिओपिया, इंडोनेशिया, नेपाळ आणि कोलंबिया या देशांतली मुले होती. आम्ही सगळे आपापल्या देशातल्या एखाद्या नदीचा, दरडीचा नाहीतर शहराचा प्रश्न घेऊन आलो होतो. ज्यांच्यापाशी तो नव्हता त्यांना दुसऱ्या सहामाहीत प्रबंधासाठी कोणाच्या तरी तयार आकडेवारीवर काम करावे लागले. ते काम वाईट झाले असे नाही, पण परत आल्यावर ते त्यांच्या उपयोगी पडले नाही.

मी नेला होता तो खारभूमीचा प्रश्न. खाडीकाठी बांध घालून, खारे पाणी अडवून भातशेती करण्याची रीत आमच्याकडे फार जुनी आहे. बांधात जागोजागी उघाडी असते. आतले पाणी दाबाने तिचे दार बाहेर ढकलते आणि ओहोटीत निघून जाते, भरती आली की बाहेरचे पाणी तेच दार घट्ट मिटवते. माणसाने हात लावावा लागत नाही, फक्त दारात लाकूड-गाळ अडकू देऊ नये. पूर्वी बांधाला खांड पडली की गावातल्या घरटी एका माणसाने फावडे-घमेले घेऊन जावे असा रिवाज होता. ज्याने चुकारपणा केला त्याला दंड असे. पुढे 1979 च्या कायद्याने खारभूमी विकासाची कामे सरकारी यंत्रणेकडे आली, माणसे मुंबईला गेली, आणि अनेक ठिकाणी खांड पडलेला बांध तसाच राहून शेतात कांदळवन वाढले. राता भात पिकवणाऱ्या त्या जमिनी खाजण झाल्या हे नुकसान मानायचे की खाडीने आपली जागा परत घेतली असे म्हणायचे, हा प्रश्न माझ्या मनात होता आणि तो साधा नाही. कांदळवनावर मासळीचे आणि किनाऱ्याच्या रक्षणाचे गणित उभे आहे.

नेदरलँड्सचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. तिथले बांध, पंप आणि कालवे पाहताना माझ्या मनावर ठसली ती त्यांची भव्यता नव्हे. मला मोठी वाटली ती तिथली जलमंडळे. पाण्याच्या व्यवस्थापनासाठी तेराव्या शतकापासून चालत आलेल्या या स्थानिक संस्था आहेत, आज त्यांची संख्या 21 आहे, त्यांच्यासाठी लोक मतदान करतात आणि त्यांना स्वतंत्र कर देतात. आमच्या घरटी एका फावड्याच्या रिवाजाचा हा कायद्याने टिकवलेला, वाढवलेला अवतार मला तिथे दिसला. 1953 च्या फेब्रुवारीत समुद्राने बांध फोडले आणि 1,836 माणसे गेली, त्यानंतर त्यांनी प्रचंड डेल्टा योजना उभारली. पण पुढच्या पिढीने, या शतकाच्या सुरुवातीला, ‘नदीला जागा द्या’ या योजनेखाली काही ठिकाणी बांध मागे घेऊन नदीला पसरायला जमीन परत दिली. वाशिष्ठीच्या काठावर राहणाऱ्या माणसाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. तंत्र उचलून आणता येणार नाही, कारण ऱ्हाइनचा पूर आठवड्याने चढतो आणि वाशिष्ठीचा रात्रीत. पण जागा देण्याचा निर्णय त्यांनी कोणाशी बोलून, कोणती भरपाई देऊन घेतला, हे शिकता येते. वेंगुर्ल्याला 1637 मध्ये डचांनी वखार घातली, तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. त्या काळी ते इथून माल नेत होते. आम्हाला आज तिथून नेण्यासारखे आहे ते हे पाण्याचे व्यवहारज्ञान.

आता व्यवहाराविषयी, कारण विद्यार्थी मला सर्वांत जास्त तेच विचारतात. मला जी डच सरकारी शिष्यवृत्ती मिळाली ती योजना आता राहिलेली नाही. आजच्या विद्यार्थ्याने प्रथम युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडुस योजना पाहावी. तिच्यात किमान दोन देशांतल्या विद्यापीठांत शिकता येते आणि निवड झालेल्यांना शुल्क आणि राहण्याचा खर्च दोन्ही मिळते. लिस्बन, म्युन्स्टर आणि कास्तेयोन या तीन विद्यापीठांचा भू-माहिती तंत्रज्ञानाचा संयुक्त अभ्यासक्रम याच योजनेतला आहे. केळशीच्या प्रश्नात रस असलेल्या मुलीने लिस्बनमध्ये राहावे आणि फावल्या वेळात तिथले पोर्तुगीज दप्तर पाहावे, असे मला नेहमी वाटते. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट असते, ती मला योग्यच वाटते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाममात्र आहे, मात्र बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना ते भरावे लागते, आणि व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी बँकेत दाखवावी लागते. ही अट आमच्याकडच्या मुलांना सर्वांत जड जाते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि तिची माहिती वाड्यावाड्यांत पोहोचवणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे. आंब्याची बाग गहाण टाकून, केवळ परदेशी पदवीसाठी, कोणत्याही विद्यापीठात जाऊ नये असे मी ठामपणे सांगते. एका चांगल्या घरातल्या मुलाने तसे केलेले मी पाहिले आहे आणि त्याचे आईवडील अजून हप्ते फेडत आहेत.

अर्जासोबत जो हेतुलेख द्यावा लागतो त्यात बहुतेक मुले लहानपणापासून नकाशांची आवड असल्याचे लिहितात. मी त्यांना ते खोडायला लावते आणि विचारते, की तुझ्या गावात उन्हाळ्यात पाणी कुठून येते, पावसाळ्यात ते कुठे साचते, आणि गेल्या वीस वर्षांत यात काय बदलले. त्याचे उत्तर दोन परिच्छेदांत लिहिता आले की अर्ज तयार होतो. रत्नागिरीच्या आणि राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण ती ज्या सड्यांवर आहेत त्यांचे पाणी, त्यांच्यावरची पावसाळी फुले आणि पाणथळे, शेजारच्या चिरेखाणी आणि झपाट्याने होणारे जमिनींचे व्यवहार यांचा एकत्रित नकाशा करण्याचे काम उरलेले आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या, त्या बागांच्या जागी पाच वर्षांत काय आले हेही कोणी तरी वाडीवाडी फिरून नोंदवायला हवे.

माझी एक विद्यार्थिनी सध्या आमच्या खाडीतल्या बांधांची नोंद करते आहे. कोणता बांध शाबूत आहे, कोणत्या उघाडीचे दार गेले, खांड कधी पडली आणि तिच्या आत आता भात आहे, कोळंबीचे तळे आहे की कांदळवन, हे ती म्हाताऱ्या माणसांना विचारून आणि जुन्या उपग्रहचित्रांशी ताडून लिहिते. येत्या हिवाळ्यात ती अर्ज करणार आहे. त्याआधी उधाणाच्या भरतीला शाबूत बांधांची उंची मोजून होणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी तिला तिच्या काकांची होडी आणि दोरी धरायला आणखी एक माणूस हवा आहे. तो माणूस मी आहे.